फाटकावरचं घर: इंग्लंडमधलं गेट लॉज कसं बघायचं

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडासमोरची पाटी उभी राहते, ‘बोर्डिंग-लॉजिंग, २४ तास गरम पाणी’. इंग्लंडमधल्या गेट लॉजचा त्या पाटीशी काही संबंध नाही. तिकडे खेड्यापाड्यांतून जाताना रस्त्याच्या कडेने एखादी दगडी किंवा विटांची कुंपणभिंत लागते, ती संपता संपत नाही. मग मध्येच दोन उंच खांब, त्यांत लोखंडी फाटक, आणि फाटकाला खेटून एवढंसं एक घर. आत दोन-तीन खोल्या जेमतेम मावतील, पण थाट बघावा तर छपराला नक्षीची झालर, भलीमोठी चिमणी, दारावर मालकाच्या घराण्याचं चिन्ह. मालकाची हवेली मात्र दिसतच नाही. ती आत, झाडांपलीकडे, कधी अर्धा मैल तर कधी तीन मैल. फाटकावरचं ते छोटं घर म्हणजे गेट लॉज.

ते बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. त्या घरात राहायचा एक, आणि ते बांधलेलं असायचं दुसऱ्यासाठी. राहायचा तो फाटक उघडणारा नोकर, त्याची बायको आणि पोरंबाळं. बांधलेलं असायचं बग्गीतून येणाऱ्या पाहुण्यासाठी, ज्याला ते घर अर्धा-एक मिनिट दिसणार. या दोघांच्या गरजा एकमेकींशी कधीच जुळल्या नाहीत. लॉजच्या वास्तूत जे काही विचित्र दिसतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

पहारेकऱ्याची सोय दरवाजातच करायची, ही रीत आपल्याला नवी नाही. किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलं की दोन्ही हातांना देवड्या असतात. इंग्लंडातही आधी तसंच होतं. मध्ययुगातल्या गढ्यांना आणि मठांना दरवाजाची स्वतंत्र इमारत असे. खाली कमान, बाजूला द्वारपालाची खोली, वर आणखी खोल्या. पुढे तिचा संरक्षणाचा उपयोग कमी होत गेला आणि रुबाब तेवढा उरला. यॉर्कशायरमधल्या बर्टन ॲग्नेस हवेलीसमोर १६१० सालची अशी इमारत अजून उभी आहे. लाल विटांची, कोपऱ्यांना घुमटवाले मनोरे असलेली. शत्रू आला असता तर ती दुपारपर्यंतही टिकली नसती, पण पाहुण्याला दबकायला लावायला पुरेशी होती.

ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग कॅम्पडनची कथा आणखी गमतीची. बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या बड्या व्यापाऱ्याने १६१३च्या सुमारास तिथे मोठी हवेली बांधली. १६४५ साली, यादवी युद्धात, राजाच्याच सैन्याने तिथून निघताना ती जाळली. हवेली गेली. फाटकावरची दोन छोटी घरं मात्र चर्चच्या शेजारी आजही उभी आहेत. वरात गेली आणि मांडवाचं तोरण तेवढं लटकत राहिलं, असं काहीसं ते दृश्य आहे.

इथे एक घोळ आधीच मिटवून टाकू. इंग्रजीत ‘लॉज’ हा शब्द शिकारीच्या वेळी उतरायच्या घरालाही वापरतात आणि रानाच्या राखणदाराच्या घरालाही. नॉर्थअॅम्प्टनशायरमधलं रश्टनचं प्रसिद्ध त्रिकोणी लॉज (बांधकाम १५९३ ते १५९७) हे असं राखणदाराचं घर, इस्टेटीवर पाळलेल्या सशांची देखभाल करणाऱ्याचं. थॉमस ट्रेशम या कट्टर कॅथलिक सरदाराने त्यात बाजू तीन, मजले तीन, प्रत्येक बाजूला त्रिकोणी माथे तीन असा ख्रिस्ती त्रिमूर्तीचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हिशेब घातला. सुंदर आहे, पण फाटकाशी त्याचा संबंध नाही, म्हणून ते इथेच सोडू.

तर मग देवडी हवेलीपासून सुटून लांब रस्त्यावर गेली कशी? त्याचं कारण बागेत आहे. १८व्या शतकात इंग्रज जमीनदारांना आखीवरेखीव बागांचा कंटाळा आला. ‘केपेबिलिटी’ ब्राउन (१७१६-१७८३) या उद्यानरचनाकाराने आणि त्याच्या काळातल्या इतरांनी हवेलीसमोरची अंगणं, भिंती, चौकोनी वाफे काढून टाकले आणि हिरवळ थेट घराच्या पायरीपर्यंत आणली. दिवाणखान्यातून बघावं तर तळं, टेकाड, चरणाऱ्या मेंढ्या, आणि मध्ये आडवं काही नाही. अशा देखाव्यात घरासमोर दरवाजाची इमारत ठेवणार कुठे? ती ढकलली गेली जमिनीच्या हद्दीवर. हद्दीला झाडांचा पट्टा आणि भिंत, भिंतीत फाटक, आणि फाटकापासून हवेलीपर्यंत मुद्दाम वळणावळणाने नेलेली वाट. वाट जितकी लांब तितकी मालकाची जमीन पाहुण्याच्या डोळ्यांत भरणार. बागेच्या हद्दी वाढवण्यासाठी काही ठिकाणी सार्वजनिक रस्तेसुद्धा हटवून दुसरीकडून नेले गेले. फाटक इतकं लांब गेल्यावर ते उघडायला माणूस तिथेच राहायला हवा. त्याला घर हवं. अशी देवडीची स्वतंत्र इमारत झाली.

पहिल्या पिढीतली बरीचशी लॉज जोडीने बांधलेली दिसतात. त्या वेळी ग्रीक-रोमन वळणाची वास्तुकला चालत होती आणि तिचा पहिला नियम म्हणजे डावीकडे जे असेल तेच उजवीकडे. फाटक मध्यभागी म्हटल्यावर घर एका बाजूला ठेवून कसं चालेल? मग दोन्ही बाजूंना एकेक चौकोनी खोका. समोरून चित्र झकास दिसतं. पण कुटुंब एकच! एका खोक्यात चूल, दुसऱ्यात बिछाने, आणि मधून बग्ग्यांची वाट. जानेवारीच्या पावसात जेवण उरकून झोपायला जाताना लहान मूल कडेवर घेऊन ती वाट ओलांडायची, हे चित्र आराखडा काढणाऱ्याच्या मनात आलं नसावं.

हम्फ्री रेप्टन (१७५२-१८१८) या उद्यानरचनाकाराच्या मनात मात्र आलं. १८०३ साली त्याने या जोडीच्या रिवाजावर चांगलंच तोंडसुख घेतलं. एखाद्या मजुराचं किंवा एकट्या म्हातारीचं घर बालिश समतोलासाठी दुभंगायचं, मुळात क्षुल्लक असलेल्या गोष्टीला उगाच मोठेपणा द्यायचा, आणि माणसांपासून तोडलेल्या त्या जिवाला काही फुटांच्या कळकट खोलीत ठेवायचं, हा त्याला शुद्ध मूर्खपणा वाटे. रेप्टनचं गिऱ्हाईक हेच जमीनदार होते, म्हणून मला त्याचं हे बोलणं विशेष वाटतं.

या शैलीची दुसरी अडचण चिमणीची. ग्रीक देवळाला चिमणी नसते. पण लॉजमध्ये माणूस राहतो, आणि इंग्लंडच्या थंडीत चुलीशिवाय राहता येत नाही. मग धुराचं तोंड लपवायची धडपड. कुठे ते छपराच्या कठड्याआड दडवलं, कुठे त्याला कलशाच्या बैठकीचं रूप दिलं. धूर निघायला चिमणी उंच हवी आणि लपायला बुटकी हवी. या भांडणात आतल्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल ते वेगळं सांगायला नको.

या परंपरेत थोर कामंही झाली. बॅडमिंटन इस्टेटीच्या उत्तर हद्दीवर, हवेलीपासून तीनेक मैलांवर, विल्यम केंटने १७४०च्या दशकात उभारलेलं वूस्टर लॉज बघा. मधल्या भव्य कमानीवर चक्क इस्टेटीच्या मालकाची, म्हणजे ड्यूकची, जेवणाची खोली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना असतो तसं वर एक दालन, फक्त इथे नगाऱ्याच्या जागी काटे-चमचे वाजायचे. आणि बकिंगहॅमशायरमधलं टिरिंगहॅमचं फाटक, जॉन सोनने १७९०च्या दशकात केलेलं. मध्ये कमान आणि दोन्ही बाजूंना लॉज. ग्रीक-रोमन नियमांचा सांगाडा तेवढा ठेवून सोनने त्यावरचे खांबांचे सगळे अलंकार उतरवले आणि भिंतीवर नुसत्या खोल रेघा ओढल्या. सव्वादोनशे वर्षांनंतरही ते आजचं वाटतं. तरी जोडीचा प्रश्न तिथेही जोडीचाच राहिला.

१८०० नंतर वारं फिरलं. रांगडं, वेडंवाकडं, चित्रात शोभेल असं काहीतरी हवं, ही नवी आवड आली. ब्रिस्टलजवळच्या ब्लेझमध्ये जॉन नॅशने १८११च्या सुमारास नऊ घरांचं एक खेळण्यासारखं खेडं उभारलं. मालक होता जॉन हारफर्ड हा बँकर, आणि घरं त्याच्या इस्टेटीवरच्या निवृत्त नोकरांसाठी. नऊपैकी एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुठे गवताने शाकारलेलं छप्पर, कुठे दगडी कौलं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर उंच, नक्षीदार विटांच्या चिमण्या. ही काही लॉज नव्हेत, पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या लॉजना चेहरा दिला तो अशाच घरांनी. जोडी गेली, एकच घर आलं, तेही फाटकाच्या एका बाजूला, जणू सहज तिथे उगवल्यासारखं. आणि जी चिमणी आधी लपवत होते तीच आता मिरवायची वस्तू झाली.

हे घर नीट वाचायचं तर सुरुवात खिडकीपासून करावी. वाटेच्या बाजूला भिंतीतून पुढे आलेली, तीन अंगांची खिडकी बऱ्याच लॉजना असते. तिच्यात बसलं की रस्ता डावीउजवीकडे दोन्हीकडे दिसतो. शिवण-टिपण करता करता बग्गी येताना कळते आणि धावत जाऊन फाटक उघडता येतं. याच कारणासाठी काही लॉज पूर्ण अष्टकोनी बांधली गेली. त्या काळातली रस्त्यांवरची टोलनाकी बऱ्याचदा तशीच असत, कारण काम तेच, येणाऱ्यावर नजर ठेवायचं. नजर ठेवायला अष्टकोन उत्तम. आत पलंग ठेवायला तो वाईट. कोपरे तिरके, कपाट भिंतीला टेकत नाही.

मग चिमणी. छोट्या घरात ती बहुधा मधोमध असते आणि त्याला व्यवहारी कारण आहे. प्रत्येक खोलीची शेगडी मधल्या भिंतीला लावली की सगळ्यांचे धुराचे मार्ग एका खांबात जातात, विटा वाचतात, आणि ऊब बाहेरच्या भिंतीतून निसटण्याऐवजी घरात राहते. उंच चिमणी धूर चांगला ओढते, हे खरंच. पण पीळ दिलेल्या आणि चौकट्यांच्या नक्षीने मढवलेल्या चिमण्या धूर जास्त ओढत नाहीत. त्या १६व्या शतकातल्या ट्यूडर राजवाड्यांच्या आठवणीसाठी. बग्गीतल्या पाहुण्याला वाटावं, घराणं जुनं आहे. प्रत्यक्षात मालकाच्या बापाने साखरेत नाहीतर कापडात पैसा केलेला असू शकतो.

छपराचा उतार साहित्यावर ठरतो. गवताचं छप्पर किमान ४५ अंशांचं तरी हवं, नाहीतर पाणी निथळण्याऐवजी आत मुरतं. म्हणून शाकारलेल्या लॉजला ते मोठं टोपडं घातल्यासारखं रूप येतं. वेल्समधली पाटीच्या दगडाची पातळ फरशी कालव्यांतून आणि नंतर रेल्वेने देशभर पोहोचू लागली, तसा कमी उताराचं छप्पर घालणं सोपं झालं, आणि इटलीतल्या बंगल्यांसारखी पसरट छपरं इंग्लंडच्या पावसात उभी राहिली. छपराच्या त्रिकोणी टोकाला जी कोरीव लाकडी पट्टी असते तिचं मूळ काम आतल्या लाकडांची टोकं पावसापासून झाकायचं. लॉजवर तिची झालर झाली. वळचण भिंतीपासून पुढे काढली की पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, आणि सावलीची जाड रेघ पडून छोटं घर ठसठशीत दिसतं. इथे मात्र राहणाऱ्याचा आणि बघणाऱ्याचा फायदा एकदाचा जुळला.

शेवटी घराच्या मागे जा. पुढून घडीव दगड, मागून साधी वीट किंवा गिलावा. भांडी-कपडे धुवायची पडवी, कोळशाची कोठी, संडास, सगळं परसात, झुडपांआड. लॉज किती प्रामाणिक आहे ते मागच्या बाजूवरून कळतं. वाटेला वळण असेल आणि मागची बाजूही बग्गीतून दिसत असेल, तर मग चारी बाजू सजवाव्या लागत आणि बिचाऱ्या संडासाला जागाच उरत नसे.

लहान इमारत, कमी खर्च, आणि अगदी रस्त्यावर. त्यामुळे होतकरू वास्तुरचनाकारांना प्रयोगासाठी लॉज सोयीचं होतं. १८२०-३०च्या दशकांत नमुन्यांची पुस्तकं निघू लागली. शिंप्याकडे कपड्यांचं चित्र दाखवून ‘असं शिवा’ म्हणावं तसं मालक पान दाखवून गवंड्याला ‘असं बांधा’ म्हणू शकत होता. त्यात सगळ्यात जाडजूड म्हणजे जॉन क्लॉडियस लाउडनचा १८३३चा ज्ञानकोश, हजारावर पानांचा, कॉटेजपासून बंगल्यापर्यंत सगळं असलेला. लाउडनची एक गोष्ट चांगली की नोकराच्या घरात कोरडी जमीन, हवा, धुण्याभांड्याची सोय असावी, याचा तो आग्रह धरतो. चित्रं बघणाऱ्यांपैकी ती पानं किती जणांनी वाचली असतील कोण जाणे.

या सगळ्या शैली एकाच फेरीत बघायच्या असतील तर लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीपलीकडच्या बर्कनहेड पार्कला जावं. जोसेफ पॅक्स्टनने आखलेलं हे उद्यान १८४७ साली लोकांसाठी खुलं झालं, तेही सार्वजनिक पैशातून. प्रत्येक फाटकावर वेगळ्या वळणाचं लॉज. मुख्य प्रवेशाला ग्रीक आयोनिक खांब, तीन कमानी आणि दोन्ही बाजूंना लॉज. दुसरीकडे गॉथिक लॉज, म्हणजे उतरत्या छपरांचं आणि टोकदार माथ्यांचं. एक इटालियन, एक किल्ल्यासारखं तटबंदीचे दाते असलेलं. ताटात भाजी, कोशिंबीर, चटणी वाढावी तशा शैली वाढलेल्या. इथे कोणी जमीनदार राहत नव्हता, फाटकातून आत येणार होते गोदीतले कामगार आणि कारकून. जमीनदाराच्या रुबाबाची भाषा जशीच्या तशी नगरपालिकेच्या बागेने उचलली. पुढे दफनभूमी, इस्पितळं, शाळा यांनीही तेच केलं. अमेरिकेतला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड १८५० साली हे पार्क बघून भारावला, आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या रचनेत त्याचा हात होता.

इतक्या नकलांनंतर कंटाळा येणं साहजिक होतं. तो घालवणारं एक लॉज लंडनच्या क्यू उद्यानात, रस्त्याकडच्या हद्दीवर आहे. वर्ष १८६७, वास्तुरचनाकार विल्यम ईडन नेसफील्ड, वय तिशीच्या आसपास. क्यूच्या वाटांची आखणी त्याच्या वडिलांनी १८४०च्या दशकात केली होती, म्हणजे बापाच्या बागेच्या कुंपणाशी मुलाचं घर. एक मजला आणि पोटमाळा, बस्स. भिंती लाल विटेच्या, छप्पर उंच आणि खडं, मधून निघालेली चिमणी इतकी जाडजूड की घर तिच्याभोवती गुंडाळल्यासारखं वाटावं. नेसफील्डने ट्यूडर किल्ले आणि ग्रीक देवळं दोन्ही बाजूला ठेवली आणि १७व्या शतकातल्या साध्या वीटकामाकडे बघितलं. तेव्हाचे गवंडी अभिजात शैलीतले खांब आणि माथे विटांतच, थोड्या घरगुती हाताने घडवायचे. त्यातला मोकळेपणा त्याने उचलला. पुढच्या वीस-तीस वर्षांत लंडनच्या नव्या वस्त्यांत, शाळांत, बंगल्यांत लाल विटांची जी लाट आली, जिला ‘क्वीन ॲन’ शैली म्हणतात, तिच्या अगदी पहिल्या खुणांत हे एवढंसं लॉज धरतात. मला ते अजून एका कारणासाठी आवडतं. त्याची चिमणी लपलेली नाही आणि नाटकीही नाही, ती फक्त चिमणी आहे.

राहणाऱ्यांबद्दल कागदोपत्री कमी सापडतं, पण सर्वसाधारण रीत माहीत आहे. घर बिनभाड्याचं. नवरा इस्टेटीवर माळी किंवा रखवालदार, फाटक सांभाळायचं काम बहुधा बायकोचं, किंवा एखाद्या विधवेचं. घंटा वाजली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं, मग पाऊस असो की मध्यरात्र. समोरच्या खिडकीत कपडे वाळत घातलेले चालत नसत, दारातली फुलझाडं टवटवीत लागत. आपल्याच घरात राहून दुसऱ्याच्या दर्शनी भिंतीवर चोवीस तास नोकरी करायची, असा तो संसार.

मोटारी आल्या, इस्टेटी मोडल्या, फाटकावर माणूस ठेवणं परवडेनासं झालं. २०व्या शतकात इंग्लंडमधल्या शेकडो हवेल्या पाडल्या गेल्या, पण लॉज कितीतरी वाचली. हवेली कोणालाच नको होती, दोन खोल्यांचं घर कोणालाही चालत होतं. आता त्यांतली अनेक वारसा इमारतींच्या यादीत आहेत. ग्रेड १, ग्रेड २ तारांकित, ग्रेड २ अशा तीन पायऱ्या, आणि खिडकीची काच बदलायची तरी बऱ्याचदा परवानगी लागते. नव्या मालकाला न्हाणीघर हवं, स्वयंपाकघर हवं, आणि वाढवायला जागा कुठे, तर मागे, जिथून दिसत नाही तिथे. म्हणजे जुनीच वाट.

पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन गावात लिंच लॉज नावाचं एक आहे. ते मुळात लॉज नव्हतंच. जवळच्या चेस्टरटन गावात ड्रायडन घराण्याची हवेली होती, ती १८०७ साली पाडली, तेव्हा तिचा दुमजली दगडी दर्शनी पोर्च तेवढा उचलून इथे आणला आणि मिल्टन पार्क या इस्टेटीच्या फाटकावर लॉज म्हणून उभा केला. हवेलीचं दारच फाटकावरचं घर झालं. आज ते लँडमार्क ट्रस्ट या संस्थेकडे आहे. जुन्या इमारती दुरुस्त करून ती त्या सुट्टीसाठी भाड्याने देते. लिंच लॉजमध्ये दोघांची झोपायची सोय आहे. पाणीही गरम.